ऐरण, किलोच्या भावात

भंगारवाल्याच्या दारात उभं राहून ‘ऐरण आहे का’ असं विचारायचं नाही, हे मला फार लवकर कळलं. विचारलं की दोनांपैकी एक ठरलेलं. एक तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या लेखी त्याच्याकडे आहे ते सगळं नुसतं लोखंड. नाहीतर आत जाऊन पोत्याखालून काहीतरी ओढत आणतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, ‘‘मॅडम, इंग्रजांच्या जमान्यातली आहे.’’ म्हणजे वजनकाटा गेला बाजूला, आता मोल वयाचं. त्यातून विचारणारी बाई असली तर तो धरूनच चालतो की हिला बंगल्याच्या अंगणात, जुन्या जात्याशेजारी मांडायला शोपीस हवं आहे.

मला ऐरण ठोकायला हवी होती. साताऱ्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. उष्णतेने होणारं प्रसरण, लवचीकता, चुंबकत्व हे सगळं फळ्यावर काढून काढून झालं होतं. तापलेल्या लोखंडावर स्वतः हातोडा मारायची हौस मात्र चाळिशीनंतर उपटली. कोरेगाव रस्त्याला एका गावात वयस्कर लोहार आहेत, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागले. आधी नुसता भाता फिरवायचा. भाता म्हणजे कातड्याचा नव्हे, तो त्यांच्या वडिलांबरोबर गेला. आता सायकलच्या चाकावरून पट्टा घेऊन फिरवायचा पत्र्याचा पंखा. मग खुरपी, मग विळ्याची मूठ, असं करत हात बसत गेला आणि परसात आपली छोटी भट्टी असावी असं वाटायला लागलं.

अण्णांची ऐरण ही आपल्याकडची नेहमीची. पोलादाचा चौकोनी ठोकळा, खाली निमुळता, बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेला, ओंडका अर्धा जमिनीत. शिंग, म्हणजे एका टोकाला लोखंड वाकवायला असतो तो निमुळता सुळका, नाही. भोकं नाहीत. समोर उकिडवं बसायचं आणि काम करायचं. अण्णा तिच्यावर कोयत्यापासून कुळवाच्या फाशीपर्यंत काहीही करतात. माझे गुडघे तेवढा वेळ बसू देत नाहीत, म्हणून मला उभ्याने काम करता येईल अशी ऐरण हवी होती, आणि जमलं तर शिंगवाली.

‘‘अण्णा, एखादी जुनी ऐरण कुणाकडं मिळंल का?’’

‘‘मिळंल की. पर इकत मिळायची न्हाय.’’

त्यांनी आजूबाजूच्या चार-पाच घरांची नावं घेतली. सगळीकडे भट्टी बंद. मुलगे फॅब्रिकेशनमध्ये गेले. वेल्डिंग मशीन आणि कटर असला की ग्रिल आणि शेड होतात, भट्टी लागत नाही. ऐरण मागच्या दारी पावसात पडलेली असते. पण खंडेनवमीला तिला पाणी घालून हळदकुंकू वाहतात, आणि ती विकली की घराची बरकत गेली असं धरतात. न वापरणारे विकत नाहीत आणि वापरणारे तर विकूच शकत नाहीत. आपल्याकडे लोहारकामाच्या जुन्या हत्यारांचा बाजारच नाही, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं. बाजार आहे तो लोखंडाचा. आणि तिथे वस्तू हवी असेल तर तिचं नाव न घेता वजन आणि पोलाद मागायचं.

हे कळल्यावर माझ्या पर्समध्ये तीन गोष्टी कायमच्या आल्या: बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक, सहा इंची कानस आणि बेअरिंगमधली पाऊण इंची गोळी.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो. रविवारी सकाळी तिथे ताडपत्रीवर नळ, पाने, घड्याळाचे सांगाडे, गिअर, कुलपं, कॅमेरे असं काहीही पसरलेलं असतं. ऐरण म्हणून तिथे मिळतात त्या बहुतेक सोनारकामाच्या, मुठीएवढ्या, किंवा मग बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. बिडाची ओळखायला फार विद्या लागत नाही. हातोडीने टिचकी मारली की ‘टण’ऐवजी ‘ठप’ वाजतं. बाजूने साच्याच्या जोडाची उभी रेघ दिसते. कानस मारली तर कीस वळून निघत नाही, काळपट भुकटी पडते आणि बोटं शाईसारखी होतात. असल्या ऐरणीवर घण चालवला की कड उडते. दिसायला मात्र ती अगदी चित्रातल्या ऐरणीसारखी असते, रंगबिंग देऊन ठेवलेली, त्यामुळे तिला गिऱ्हाईक भरपूर.

जुन्या बाजारात मी ऐरणीचा नाद सोडला आणि हातोडे गोळा केले. दांडा मोडलेला हातोडा कुणालाच नको असतो. तो चिल्लर भावात मिळतो आणि लोहाराच्या हातात तर चांगल्या हातोड्याचंच राज्य असतं. अडीच पौंडी, चार पौंडी, एक बाजू गोल आणि एक पाचरीसारखी असलेला असे दोन-चार मिळाले. बघायचं एवढंच की तोंडावर चीर नाही ना, आणि दांड्याचं भोक सरळ आहे ना. छिन्न्या आणि भोकं पाडायचे सुंबे घेतले तर त्यांची डोकी मार खाऊन पसरलेली असतात. ती आधी ग्राइंडरवर घासून काढायची, नाहीतर त्याच कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. दांडे अण्णांनी धावड्याच्या लाकडाचे घालून दिले. दुकानात पॉलिश केलेले तयार दांडे मिळतात ते बघून अण्णा नुसतंच ‘हं’ म्हणाले.

घाऊक लिलावांची चौकशी मीही करून पाहिली. सरकारी कारखाने, वीज कंपन्या, एसटी यांचं भंगार लिलावाने जातं. केंद्र सरकारची एमएसटीसी ही 1964 सालची कंपनी अशा ई-लिलावांसाठीच ओळखली जाते. पण तिथे माल टनात निघतो. मला हवी असलेली एक वस्तू त्या ढिगात असली तरी तिच्यासाठी अख्खा ढीग उचलावा लागतो. तेव्हा जो ढीग उचलतो त्याच्याशी ओळख ठेवायची. महामार्गालगतच्या तीन-चार गोदामांत मी तसं केलं. चहा झाला, पोरांच्या बारावीच्या मार्कांची चर्चा झाली, एकाच्या मुलाला चुंबकत्वाचा धडा समजावून झाला. त्यानंतर ‘मॅडम, जड माल आलाय’ असे फोन यायला लागले.

असाच एकदा खडी क्रशरचा जबडा बघायला गेले. दोन-अडीच इंच जाडीची, खाचांची, प्रचंड जड पाटी. दर भंगाराचा. मागची बाजू सपाट, तिची ऐरण झकास होईल असं गोदामवाल्याचं म्हणणं. मी चुंबक लावलं, चिकटेना. गोदामवाल्याला वाटलं माझं चुंबक खराब आहे. त्याने त्याचं मोठं आणलं, तेही घसरून खाली पडलं. दहा मिनिटं तिथे चांगली सभा भरली. क्रशरचे जबडे मँगनीज पोलादाचे असतात, त्यात मँगनीज साधारण 12 टक्के, आणि त्यामुळे ते लोखंड असूनही चुंबकाला दाद देत नाही. मार बसेल तसं ते वरून टणक होत जातं, म्हणून क्रशरला उत्तम. ऐरणीला मात्र पहिल्या दिवसापासून टणक आणि सपाट तोंड लागतं. ते सोडून दिलं. वर्गात सांगायला गोष्ट मात्र मिळाली.

आता रुळाचं. इंटरनेटवर हौशी लोहारांना पहिला सल्ला मिळतो तो ‘रेल्वेच्या रुळाचा तुकडा घ्या’. सल्ला पोलादाच्या दृष्टीने चांगला आहे. आपल्याकडे मुख्य मार्गांवर मीटरला 52 आणि 60 किलो वजनाचे रूळ वापरतात, म्हणजे 60 किलोवाल्याचा एक फूट 18 किलोंच्या पुढे भरतो. मला असा तुकडा एका ठिकाणी फारच स्वस्तात दाखवला गेला, पोत्यात गुंडाळलेला. बिल मागितलं तर ‘बिल कशाला, मॅडम, एवढ्याशा तुकड्याला.’ तिथून मी चपला घालून निघाले. रेल्वे संपत्ती (बेकायदा कब्जा) अधिनियम, 1966 नावाचा कायदा आहे. चोरीचा संशय येईल असा रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला तर तो रीतसर आला आहे हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रूळ लिलावात रीतसर विकले जातात, ते विकत घेणाऱ्याकडे कागद असतात, तो तुम्हाला बिल देऊ शकतो. बिल नसेल तर तो तुकडा कितीही गोजिरवाणा दिसला तरी नको.

यावर तोड निघाली ती क्रेनच्या रुळाची. कारखान्यांत छताखाली फिरणाऱ्या क्रेन असतात, त्यांचा रूळ निराळा: बुटका, रुंद डोक्याचा, आणि मधली कंबर जाड. सीआर 80, सीआर 100 अशी त्याची नावं. आकडा म्हणजे डोक्याची रुंदी मिलिमीटरमध्ये. सीआर 100 मीटरला जवळपास 89 किलो. रेल्वेच्या रुळाची कंबर बारीक असल्यामुळे घाव मारला की तो थरथरतो आणि घावाचा जोर वाया जातो. क्रेनच्या रुळात ते बरंच कमी होतं. एका बंद पडलेल्या शेडचं सामान उतरवणाऱ्या ठेकेदाराकडून मला याचा दीड फुटी तुकडा मिळाला. काट्यावर चाळीस किलोंच्या आसपास, 55 रुपये किलो, जीएसटीच्या बिलासकट. गॅस कटरने कापून देत होता, मी पॉवर हॅक्सॉवर, म्हणजे यंत्राच्या करवतीवर, कापून घ्यायला लावला. गॅसच्या ज्योतीने कडेचं पोलाद तापून त्याचा टणकपणा जागोजाग बदलतो, आणि कापही वेडावाकडा येतो.

हा तुकडा मी आडवा न ठेवता उभा रोवला. याला लोक हसतात, कारण तोंड लहान दिसतं. पण हातोडा जिथे पडतो त्याच्या थेट खाली किती लोखंड आहे याला महत्त्व. बाजूला पसरलेलं लोखंड घाव झेलायला फारसं येत नाही. वखारीतून बाभळीचा ओंडका आणला, दोन फूट जमिनीत पुरला. उंची किती ठेवायची? ताठ उभं राहून मूठ आवळायची आणि हात सैल सोडायचा, पेरं जिथे येतील तिथे ऐरणीचं तोंड. माझ्या हौसेचा पहिला मोठा टप्पा या तुकड्यावर निघाला आणि खरं सांगायचं तर आजही बरंच काम मी त्यावरच करते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याला मी हेच सांगते. शिंगाच्या ऐरणीची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नये.

पण शिंगाची ऐरण आली, तीही भंगारात नव्हे.

कऱ्हाड तालुक्यातल्या एका गावात बैलगाड्या बनवणारं घर होतं. सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही त्यांच्याकडेच. रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, धंदा बसला. आता धाकट्या मुलाला त्या पडवीत किराणा दुकान काढायचं होतं. अण्णांच्या जावयाच्या ओळखीतून बातमी आली आणि अण्णा स्वतः बरोबर आले, हे फार बरं झालं.

ऐरण लंडन घाटाची, म्हणजे एका टोकाला शिंग, दुसऱ्या टोकाला चौकोनी आणि गोल अशी दोन भोकं. मुलाच्या आजोबांनी ती कुठल्याशा कारखान्याच्या लिलावात घेतली होती. बनवणाऱ्याचं नाव गंजात गेलेलं, पण कमरेवर 1, 3 आणि 7 हे आकडे शाबूत होते. मुलाने फोनवर परदेशातल्या ऐरणींच्या किमती बघून ठेवल्या होत्या.

‘‘ताई, 137 किलो आहे. लिहिलंच आहे वर. 75 हजार द्या.’’

हे आकडे किलोचे नसतात. जुन्या इंग्रजी ऐरणींवर वजन हंडरवेटमध्ये ठोकलेलं असतं. पहिला आकडा हंडरवेटचा, एक हंडरवेट म्हणजे 112 पौंड. दुसरा पाव हंडरवेटचा, म्हणजे प्रत्येकी 28 पौंड. तिसरा सुट्या पौंडांचा. 112 अधिक 84 अधिक 7, एकूण 203 पौंड, म्हणजे 92 किलो. मी त्याला कागदावर गणित करून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ही बाई पंचेचाळीस किलो गिळायला निघाली आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता. गावात आल्याच्या व्यापाऱ्याचा काटा होता, चार जणांनी ऐरण उचलून तिथे नेली. 91 किलो आणि वर काही ग्रॅम. उरलेलं एवढ्या वर्षांच्या झिजेत आणि उडालेल्या कडांत गेलं असणार. त्यानंतर मुलगा माझं ऐकायला लागला.

तिथे मी नीट तपासणी केली. बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडायची आणि ती किती उसळते ते पट्टी धरून बघायचं. सात-आठ इंच उसळली तर तोंड उत्तम. मधल्या भागात ती सात इंचांच्या वर येत होती, भोकांच्या बाजूला थोडी कमी, आणि ते तसंच असतं, तिथे खाली आधार कमी. मग लहान हातोडीने तोंडावर बोटभर अंतरावर टिचक्या मारत गेले. या जुन्या ऐरणींचं धड घडीव लोखंडाचं असतं आणि वर पोलादाची पाटी भट्टीतच सांधलेली असते. सांधा कुठे सुटला असेल तर तिथे नाद बसतो. एका कडेला दोन बोटं जागा बद्द वाजली. अण्णांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘‘हितं घाव घालायचा न्हाय, झालं.’’ तोंड मधोमध किंचित खोलगट झालं होतं. सातारच्या एका वर्कशॉपवाल्याने पुढे मला ‘प्लेनिंग करून एकदम सपाट करून देतो’ असं फार आग्रहाने सांगितलं. करू नये. वरची पोलादी पाटी बोटभर जाडीचीसुद्धा नसते. ती रंधली की चांगलं तेवढंच निघून जातं. किंचित खोलगट तोंडावर वाकडी पट्टी सरळ करायला उलट सोपं पडतं.

भावाचं बोलणं अण्णांनी केलं, मी गप्प बसले. भंगारवाला 40 रुपये किलो देऊन गेला होता, म्हणजे साडेतीन हजार. पुण्याचा जुन्या वस्तूंचा व्यापारी 25 हजार बोलला होता, पण आला नव्हता. अण्णांनी विचारलं, ‘‘त्यो कवा येनार?’’ मुलाकडे उत्तर नव्हतं. 12 हजारांवर जमलं. किलोला 130 रुपयांच्या आसपास, म्हणजे भंगाराच्या तिपटीहून थोडं जास्त. मला हा भाव रास्त वाटला, अजूनही वाटतो. चांगल्या नव्या पोलादी ऐरणीला याहून बरेच जास्त पडले असते.

व्यवहार मात्र त्याच्याने पुरा होईना, कारण आतून त्याची आजी बाहेर आल्या. ‘‘ठोकनार कोन?’’ त्यांनी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. आजींनी माझा उजवा तळवा हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघितला. मग म्हणाल्या, धाव बसवायच्या दिवशी घण त्यांनीही चालवलाय.

धाव म्हणजे गाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम जराशी लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, मोठी झाली की सांडश्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. आकसताना ती सगळे आरे आणि पाटे आवळून घेते. घन पदार्थाच्या प्रसरणाचं हे उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर काढत आले आहे. आजी सांगत होत्या ते पुस्तकात नव्हतं: धाव किती लहान ठेवायची हे लाकूड किती वाळलंय त्यावर ठरतं, ओल्या लाकडाला जास्त, पाणी एका जागी ओतलं तर चाक पिळतं, म्हणून बायका घागरी घेऊन चहूबाजूंनी उभ्या राहायच्या. मी वही काढली. मुलगा कंटाळून मोबाइलमध्ये गेला.

आजींनी दोन अटी घातल्या. अमावास्येला हलवायची नाही, आणि निघताना नारळ फोडायचा. दोन्ही पाळल्या. साध्या कागदावर वजन, रक्कम आणि दोघांच्या सह्या असा कागद केला, तोही जपून ठेवला आहे. 91 किलो हा आकडा ऐकायला बरा वाटतो. छोट्या हत्तीत चढवताना मात्र दोन पहारी, एक फळी आणि चौघांची कंबर लागली. टेम्पोत ऐरण दोरीने चारी बाजूंनी आवळून बांधायची, नुसती ठेवायची नाही. ब्रेक मारला की ती सरळ केबिनकडे निघते.

बाकीचं सामान त्या मानाने लवकर झालं. लेग व्हाइस, म्हणजे लांब पाय जमिनीपर्यंत टेकलेला आणि घणाचे घाव सोसणारा, काम आवळून धरायचा व्हाइस, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मिळाला. त्याच्यात जबड्यांकडे सगळे बघतात, बघायचे असतात ते स्क्रूचे आटे. स्क्रू पूर्ण बाहेर काढायला सांगायचं. चौकोनी आट्यांच्या कडा चाकूसारख्या पातळ झाल्या असतील तर तो व्हाइस भंगाराच्याच भावाचा. नवा स्क्रू आणि त्याची पेटी लेथवर करून घ्यायला व्हाइसच्या किमतीहून जास्त लागतात. दुकानदार ‘गंजलाय म्हणून निघत नाही’ म्हणत होता. रॉकेल घालून दुपारपर्यंत थांबले, निघाला, आटे चांगले होते.

ब्लोअर जुना घेऊ नये असं माझं मत. पंख्याची बेअरिंगं वाजत असतात आणि हवा किती येते ते बाजारात उभ्याने कळत नाही. हलवायांच्या भट्टीला लावतात तो छोटा ब्लोअर पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नवाच घेतला आणि नळीत हवा कमीजास्त करायला झडप बसवली. भट्टी म्हणजे ट्रकच्या ब्रेकचा ड्रम. त्याला जोडायचा पाइप जुना घेतला, पण जस्ताचा मुलामा असलेला बाजूला सारून काळा शोधला; मुलामा तापला की त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. अशाच कारणाने क्रोमचा चकचकीत दांडाही घासल्याशिवाय भट्टीत घालायचा नाही, आणि दोन्ही तोंडं बंद असलेला शॉक अॅब्सॉर्बर तर मुळीच नाही, तो फुटतो. कोळसा सुरुवातीला लाकडीच, अण्णांचा. कोल्हापूरच्या ओतशाळांकडून हार्ड कोकही, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेला कोळसा, आणून पाहिला. उष्णता जबरदस्त, पण हवा थांबली की विझत जातो आणि मोठे खडे फोडून द्यावे लागतात. मी परत लाकडी कोळशावर आले.

सांडश्या जुन्या शोधण्यात वेळ घातला, त्याचं चीज झालं नाही. प्रत्येक कामाला जबड्याचा आकार निराळा लागतो आणि जुन्यात आपल्या मापाचं कधीच नसतं. उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात. तिथे नवरा बसून लहान हातोड्याने जागा दाखवतो आणि बायको उभी राहून घण मारते. त्यांच्याकडे मी ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून तीन सांडश्या बनवून घेतल्या. घण मारणाऱ्या बाईने माझी नमुन्याची सांडशी हातात तोलून बघितली. ‘‘दांडी आखूड हाय, हात भाजंल तुझा,’’ म्हणाली आणि नवऱ्याला वीतभर वाढवायला लावलं. पैसे वाढवले नाहीत.

परसातला आवाज हा शेवटचा प्रश्न होता. शिंगाची ऐरण घंटेसारखी वाजते आणि आमच्या गल्लीत दुपारी झोपणारे बरेच. पोटाखाली स्पीकरचं मोठं चुंबक चिकटवलं, कमरेला साखळी आवळली, आवाज निम्म्याहून खाली आला. तरी दुपारी दोन ते चार मी फक्त कानस चालवते.

आता स्वेज ब्लॉक हवा आहे. चारी कडांना निरनिराळ्या मापाच्या खाचा आणि मध्ये भोकं असलेला हा ओतीव ठोकळा आपल्याकडे रेल्वेच्या आणि आयटीआयच्या जुन्या कार्यशाळांतच दिसतो, तिथून बाहेर येतो तो टनांच्या ढिगात. शिरोलीच्या एका ओतशाळेत मी रेखाटन घेऊन गेले. मालकांनी ते उलटसुलट करून बघितलं.

‘‘एक नग? मॅडम, साच्यासाठीच्या लाकडी पॅटर्नलाच निम्मे पैसे जातील. पाच जण जमवा, मग बघू.’’

सध्या तिघं आहोत.